आईचा क, मौलानांचा ळ

आमच्या मौलानांना ळ म्हणता यायचा नाही आणि माझ्या आईला क म्हणता यायचा नाही. म्हणजे आपला साधा क यायचा हो, तो कुणाला येत नाही! अरबीत आणखी एक क असतो, पार घशाच्या तळातून काढायचा. तो तिला जन्मात जमला नव्हता. ह्या दोन अक्षरांपायी आमच्या घरातला एक अख्खा पावसाळा कसा गेला, ते सांगायला बसले आहे. अक्षराचं काय एवढं, असं कुणाला वाटेल. वाटू दे. ज्यांच्या घरात आई बोलायची थांबते त्यांना विचारा.

नव्वदीची सुरुवात असेल. मी पाचवीत होते. भोरला मशिदीला लागून जी गल्ली आहे तिच्यात आमचं घर, मशिदीची मागची भिंत म्हणजे आमच्या अंगणाची भिंत. दारात अब्बांचा टेम्पो उभा असायचा. भोरच्या गिरणीतला तांदूळ भरायचा, वरंधा घाट उतरून महाडला पोचवायचा आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं, हा त्यांचा धंदा. तो घाट उन्हाळ्यातही अंगावर येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही आणि वरून दरड कधी येईल त्याचा नेम नाही.

आई वेल्ह्याकडची. मार्गासनीच्या पुढे डोंगराला चिकटलेलं तिचं माहेर, आणि त्या गावात मुलाण्याचं एकच घर, ते तिचं. गावात मशीद नाही, शिकवायला कुणी नाही. तिच्या बापाला येत होतं तेवढं त्यानं शिकवलं, आणि मुळात त्यालाच अर्धंमुर्धं येत होतं. भाषा म्हणाल तर अस्सल वेल्ह्याची मराठी. गल्लीतल्या पोरी आपापल्या आयांना अम्मी म्हणायच्या. मी एकदा कौतुकानं तशी हाक मारून बघितली तर आई म्हणाली, "कुनाला हाका मारतीस गं? हितं मी एकटीच हाय." तेव्हापासून आईच.

ती नमाजला उभी राहायची ती मात्र अगदी मन लावून. अरबी येत होतं तेवढं पुटपुटायची आणि ते संपलं की सरळ मराठीत सुरू व्हायची. तिची खरी दुवा असायची ती सकाळी, टेम्पो निघताना. पुढच्या काचेवरून ओल्या हातानं एकदा पुसून घ्यायची, हात तिथंच ठेवायची आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायची, "आल्ला देवा, गाडीच्या म्होरं ऱ्हा, मागं ऱ्हा. वळनावर हात दे. बिरेकवर ध्यान ठेव. सांजच्याला मानूस घरला येऊ दे." एवढं झाल्यावर अब्बा आमीन म्हणायचे आणि मग चावी फिरवायचे. त्याआधी कधीच नाही.

गल्लीतल्या काहीजणी तोंडाला पदर लावून हसायच्या. आल्ला देवा काय, एका दमात दोघांना हाक मारते, म्हणायच्या. आईला त्याचं काही नव्हतं. "दोगं कुठं हैत? एकच हाय की," म्हणायची आणि कामाला लागायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा, आणि जरा लाजही वाटायची. दोन्ही एकदमच वाटायचं.

त्याच वर्षी मशिदीत नवे मौलाना आले. पोरगेलेसेच होते, दाढी अजून धड भरलेली नव्हती. पार उत्तरेकडचे, मराठीचा गंध नाही. दुपारी शाळा सुटली की आम्ही गल्लीतली पोरं-पोरी त्यांच्याकडे अरबी वाचायला शिकायला जायचो. त्यांच्या आधीचे उस्ताद म्हातारे होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण त्यांच्याकडे प्रश्न कुठलाही असो, उत्तर एकच, छडी. आणि मी तर पहिल्यापासून चोंबडी. माझे हात लाल झालेले असायचे.

नव्या मौलानांची तऱ्हाच वेगळी. प्रश्न विचारला की ते आधी आपल्याकडे बघायचे, मग टोपी काढायचे, डोकं खाजवायचे, टोपी परत घालायचे. टोपी निघाली की आम्ही ओळखायचो, येत नाही. मग म्हणायचे, "कल बताऊंगा." आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचे! कधी पुस्तकात सापडलेलं सांगायचे, कधी सरळ म्हणायचे, "ढूंढा, नहीं मिला." मोठा माणूस, तोही मौलाना, आणि चक्क सापडलं नाही म्हणतो! आमचे डोळे विस्फारायचे. मग मला ऊत आला. फरिश्त्यांना झोप नसते तर त्यांना कंटाळा येत नाही का? मशिदीतली मांजर पलीकडच्या देवळातही जाऊन बसते, तिचं कसं होणार? ह्यावर मात्र त्यांनी टोपी काढली नाही. "दोन्ही ठिकानी दूध मिलतं," म्हणाले, "हुशार आहे ती."

हो, तोवर थोडं मराठी यायला लागलं होतं त्यांना, आमच्याकडूनच. फक्त ळ काही केल्या यायचा नाही. मिळतं नाही, मिलतं. वेळ झाली नाही, वेल झाली. एकदा सकाळी काय खाल्लं असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "दोन केली." आम्ही विचारलं, काय केली? म्हणाले, "केली! पिवली!" पोरं हसून हसून लोळली. तेही हसले. आम्हाला ते फार आवडायला लागले होते.

आणि त्यांनीच एक दिवस तो क शिकवला.

एक घशातून काढायचा क, एक आपला टाळूचा. एका शब्दात घशातला क काढला तर अर्थ होतो काळीज. तोच शब्द टाळूच्या क नं म्हटला तर अर्थ होतो कुत्रा. म्हणून अक्षर नीट काढायचं, आळस करायचा नाही, एवढंच त्यांचं सांगणं. आम्ही सगळे माना मागे टाकून गुळण्या केल्यासारखे आवाज काढत बसलो. मला तो लवकर जमला. मी खुशीत घरी आले.

माझ्याआधी बातमी पोचली होती. समोरच्या चाचीची मुलगी माझ्याच वर्गात. चाचीनं नळावर आईला गाठलं आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "ऐकलंस का गं? मौलाना सांगतात, क चुकला की कुत्रं म्हटल्यासारखं होतं. तू तर सगळंच गावठी म्हनतीस. वर काय पोचत आसंल बाई!" बायका हसल्या. चाची मनानं वाईट नव्हती, माझ्या बाळंतपणात पुढे तिनंच रात्री जागवल्या, पण जीभ आवरायची नाही तिला. त्या दिवशी तर मी तिची जीभ उपटून हातात दिली असती.

आई भरलेली कळशी घेऊन आत आली. ती उतरवून चुलीपुढे बसली. मग मला म्हणाली, "खरं हाय का गं ते?"

मी म्हटलं, "काय?"

"काळीज म्हनायला जायचं आन् कुत्रं व्हतं ते."

खरं होतं. मी मान हलवली. आई म्हणाली, "म्हंजे म्या इतकी वर्सं त्याच्या म्होरं उभी ऱ्हाऊन कुत्रं कुत्रं करत व्हते." आणि ती हसली. तिचं ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टेम्पोची काच पुसली आणि हात काढून घेतला. अब्बा चावी धरून बसले. आई काही बोलेना. अब्बा म्हणाले, "अगं, म्हन की." आई म्हणाली, "तुमीच म्हना. माजं तोंड गावठी हाय." अब्बांनी समजावून बघितलं, मग चिडून बघितलं, मग थट्टा करून बघितली. "तुज्या दुवेबिगर ही गाडी चालूच व्हत न्हाई," म्हणाले. आई आत निघून गेली. अब्बा मग तसेच गाडी सुरू करून गेले. तिची नमाजही थांबली. मराठीसुद्धा थांबली. चुलीपाशी, अंगणात, दळण निवडताना ती सारखी काहीतरी त्याच्याशी बोलत असायची, पाऊस पाड, पाऊस थांबव, माझ्या भावाची म्हैस बरी कर. ते सगळं बंद. घर इतकं गप्प झालं की मला भीती वाटायची.

आणि मग घाटात दरड आली. दुपारी एसटी स्टँडवर महाडहून गाड्याच येईनात, तेव्हा कुणीतरी गल्लीत येऊन सांगून गेलं. अब्बा पहाटेच गेलेले. आई दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिनं दुवेसाठी उचलले आणि तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. हात तसेच, ओठ हलतायत, आवाज नाही. मग तिनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबला. मी म्हटलं, आई, म्हण ना गं! ती म्हणाली, "आत्ता चुकीचं काय निगालं तर? आत्ता नगं बाई, आत्ता चुकायला नगं." तेव्हा मला कळलं, तिला क ची लाज नव्हती वाटत. तिला भीती वाटत होती, की आपल्या तोंडानं आपल्याच माणसाचं वाईट होईल.

अब्बा दिवेलागणीला आले, चिखलानं माखलेले, दरडीच्या अलीकडे अडकून पडले होते म्हणे. आईनं त्यांना पाणी दिलं आणि रडली. पण बोलली नाहीच.

माझं डोकं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी मशिदीत गेले आणि मांडी घालायच्या आधीच विचारलं, "मौलाना, माझ्या आईला तुमचा क येत नाही. ती दुवा करते तेव्हा अल्लाला कुत्रा ऐकू येतो का?"

नेमके त्या दिवशी मशिदीच्या कमिटीतले एक बुजुर्ग तिथं बसलेले. ते म्हणाले, "लई तोंड सुटलंय ह्या पोरीला." मौलानांचा चेहरा लाल झाला. टोपी काढली नाही, डोकं खाजवलं नाही. "बैठ जा!" असे ओरडले की पोरं दचकली. मी बसले. पण मनात म्हटलं, ठीक आहे, आज चारचौघांत अडचण झाली असेल, उद्या सांगतील. ते नेहमी सांगतात.

उद्या काही नाही, परवाही काही नाही. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची आणि ते दुसऱ्याच पोराचा धडा घ्यायचे. छडीवाले उस्ताद परवडले, असं मला वाटायला लागलं. त्यांच्याकडून मी काही अपेक्षाच केली नव्हती.

मग एके दिवशी धडा संपल्यावर म्हणाले, "आता तुम्ही उस्ताद. मला तो ल शिकवा." आम्हाला काय, खेळच मिळाला. जीभ मागे वळवा मौलाना, टाळूला टेकवा, अशी सगळ्यांनी शिकवणी चालू केली. काळा. काला. केळं. केलं. डोळा. डोला. रोज हाच प्रकार. ते खरोखर जीव तोडून करायचे, कपाळावर घाम यायचा. आणि मला तर कुणी बोलायला लावलं तरी राग येत होता. माझा प्रश्न तसाच ठेवून हे काय ळ शिकत बसलेत! शेवटी मी फणकाऱ्यानं म्हटलं, "राहू द्या मौलाना. तुम्हाला नाही जमायचं ह्या जन्मात. आणि काही अडत नाही, तुम्ही काय म्हणता ते आम्हाला बरोबर कळतं."

त्यांनी टोपी काढली. "कलतं?"

"कळतं."

"चूक असलं तरी?"

"मग! तुम्ही बोलायच्या आधीच कळतं. तुम्ही पाणी मागणार का पंखा, तेसुद्धा कळतं."

त्यांची टोपी हातातच. मग सुट्टी दिली, लवकरच. मी घरी जाऊन आईला सांगितलं की मौलाना बहुतेक खुळे झालेत.

मौलानांचं जेवण गल्लीतल्या घरांतून जायचं, आज एकाचा डबा, उद्या दुसऱ्याचा. आमची पाळी आली की आई जीव ओतून करायची. त्या आठवड्यात घाट बंद होता, अब्बा घरीच होते. मी डबा देऊन आले, आणि संध्याकाळी बघते तर मौलाना स्वतः रिकामा डबा घेऊन दारात उभे. डबा घासूनपुसून आणलेला. अब्बा लगबगीनं उठले. आई पडद्यामागे गेली. मौलाना आत यायला तयार होईनात. उंबऱ्याबाहेर उभे राहून, जमिनीकडे बघत, पाठ केल्यासारखं बोलले, "ताई, तुमच्याकडे एक काम होतं. माझी अम्मी गावी आहे. तिच्या डोल्यात मोतीबिंदू आहे. आता ऑपरेशन आहे. माझ्या अम्मीसाठी तुम्ही दुवा करा."

पडद्यामागून आई लगेच म्हणाली, "डोळ्यात हो मौलाना. डोळ्यात." पोरांना सुधारतो तसं, सवयीनं. मग तिच्या लक्षात आलं ते काय मागतायत. ती हळूच म्हणाली, "म्या? म्या काय करनार दुवा? तुमी येवढे शिकलेले. माजा तर क बी निगत न्हाई घशातनं."

"माझा पण तो ल निघत नाही," मौलाना म्हणाले. "पण तुम्हाला माझ्या अम्मीचं दुखणं कललं ना?"

"कळलं की. न कळायला काय झालं? आईचंच दुखनं ते."

"तुम्हाला कललं," ते म्हणाले, "आणि त्याला नाही कलणार?"

अब्बांनी मान खाली घातली होती. मौलाना पुढे बोलत राहिले, अडखळत, अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं आमच्या. नमाजचं अरबी शिकायला पाहिजे, ते खरं आहे, हळूहळू शिका, ही पोरगी शिकवेल. हिला येतं, म्हणून हिला मात्र चुकायची माफी नाही. पण दुवा कुठल्याही भाषेत करा. शिकेपर्यंत बंद ठेवू नका. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, म्हणाले, ह्या पोरीनं विचारलं तेव्हा मला उत्तर येत होतं, पण लोकांसमोर मी घाबरलो. नवीन आहे. आणि उत्तर नुसतं पुस्तकातलं येत होतं.

मग म्हणाले, "ताई, मी अम्मीसाठी दुवा करायला बसतो तर मला रडू येतं. दुवा राहून जाते. तुम्ही सकाली गाडीसाठी करायचा ना, ते मला भिंतीच्या पलीकडे ऐकू यायचं. आधी एक शब्द कलायचा नाही. पण तुमचं संपलं की मी आमीन म्हणायचो, रोज. मग गाडी सुरू व्हायची. आता ऐकू येत नाही. मला इथं फार एकटं वाटतं."

आई पडद्यातून बाहेर आली. पदर सारखा करून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रडू नगा. लेकरासारकं काय रडताय! कवा हाय आपरेशन?" मी बघितलं, मौलाना खरंच रडत होते. मलाही रडू आलं, आणि त्यांच्यावरचा माझा सगळा राग निघून गेला.

दोन दिवसांनी घाट उघडला. सकाळी अब्बा टेम्पोत बसले. आईनं काच पुसली. हात ठेवला. आम्ही सगळे वाट बघत होतो, समोरची चाचीसुद्धा झाडू धरून दारात उभी. आईनं डोळे मिटले, घसा खाकरला आणि सुरू केलं. आधी आवाज जरा चिरका निघाला, मग लागला. "आल्ला देवा, गाडीच्या म्होरं ऱ्हा, मागं ऱ्हा. वळनावर हात दे. बिरेकवर ध्यान ठेव. सांजच्याला मानूस घरला येऊ दे." अब्बांचा हात चावीकडे गेला. पण आईचा हात काचेवरून हलेना. "आन् देवा, मौलानांची आई तिकडं लांब हाय. तिच्या डोल्याला उजेड दे."

"आई!" मी मध्येच बोलले. "डोळ्याला! डोल्याला काय?"

"तू गप गं," आई डोळे न उघडता म्हणाली. "तो पोरगा रोज रडून रडून डोल्याला म्हनतोय. म्या डोळ्याला म्हनलं तर वर वाटायचं, ही कुनी दुसरीच बाई हाय."

अब्बा आमीन म्हणाले. चाची आमीन म्हणाली. आणि भिंतीच्या पलीकडून, आम्हाला पहिल्यांदाच ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, आमीन आलं.